डाव्या हातातली तलवार

रविवारी सकाळी नऊला 'वज्रद्वीप'चं दुसरं पर्व सुरू होणार होतं, आणि बी विंगमधल्या जयमालानं पहाटेच उठून शिरा करायला घेतला होता. टीव्ही बघायला जमणाऱ्यांना शिरा वाढणारी बाई तुम्ही पाहिलीय कधी? पण तिचं म्हणणं, आज माझा श्याम दिसणार, मग लोकांचं तोंड गोड नको करायला?

बाकीच्या नेरूळला त्या दिवशी एकच घोर होता, राणी मृणालिनी मेली की वाचली. मे महिन्यात पहिलं पर्व संपलं तेव्हा ती बाई जादूगाराच्या उकळत्या तळ्यावर लोंबकळत होती. तिथंच चित्र गोठवून त्या लोकांनी जे दुकान बंद केलं, ते थेट आत्ता दिवाळीच्या तोंडावर उघडत होतं. रिक्षावाल्यांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांचे त्यावर वाद घालून झाले होते. जयमालाला राणीचं काही देणंघेणं नव्हतं. राणीच्या मागून धावणाऱ्या फौजेत तिचा मुलगा होता.

श्यामसुंदर जानेवारीत घरातून गेला होता. एकोणीस वर्षांचा घोडा, पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला, आणि डावखुरा. हे डावखुरेपण म्हणजे त्या मायलेकरांमधलं जुनं भांडण. तिचा नवरा अरविंद बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता, शांत माणूस. तो म्हणायचा, "जया, हात त्याचा आहे, खाऊ दे की." पण जयमाला साताऱ्याकडच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली. कुणी डाव्या हातानं जेवायला लागलं की तिला अन्न जायचं नाही. लहानपणी तिनं त्याचा हात फडक्यानं बांधून पाहिला, उपाशी ठेवून पाहिलं, पोरगं काही बधलं नाही.

शेवटचं भांडणही त्यावरूनच. संक्रांतीला पतंग उडवताना मांजानं त्याचा डावा अंगठा कापला होता. तिनंच आपल्या जुन्या पिवळ्या साडीची चिंधी फाडून घट्ट बांधली होती. पुढच्या रविवारी घरी सत्यनारायण. पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि यानं प्रसाद घ्यायला पुढे केला तो तोच हात, चिंधीसकट. तिनं हातातली पळी त्या हातावर मारली, सगळ्यांदेखत. त्यानं चपला घातल्या आणि गेला. येईल संध्याकाळपर्यंत, कुठं जातोय, असं ती पाहुण्यांना हसत हसत म्हणाली होती.

तो आला नाही. मग सुरू झालं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये असं. अरविंदनं रजा टाकून ठाणं, कल्याण, पनवेल, उरण पालथं घातलं. पेपरात फोटो दिला आणि खाली फोन नंबर दिला मेहरुन्निसाचा. मेहरुन्निसा समोरच्या दारातली, मूळची पनवेलकडची कोकणी मुसलमान. तिचा भाऊ कुवेतला असल्यामुळे घरात फोन होता, आणि तोच सगळ्या मजल्याचा पीपी नंबर. त्या नंबरवर फोन येत, पण सगळे फुकटचे. आणि जिथं कुठं बेवारस मयत सापडे तिथं अरविंदला बोलावणं येई. तो जायचा, चादर वर करून बघायचा, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायचा आणि न जेवता झोपायचा. जयमाला दाराशीच उभी असायची. "नव्हता," एवढंच तो म्हणायचा. तो एक शब्द ऐकेपर्यंत तिचा जीव अर्धा व्हायचा.

आणि मग मे महिन्यात त्या शेवटच्या भागात श्याम दिसला. राणीची फौज तलवारी उगारून धुरातून धावत आली, आणि त्या गर्दीत एक पोरगा, डोक्यावर पत्र्याचा टोप, तलवार डाव्या हातात. बाकी सगळ्यांच्या उजव्या हातात, याच्या एकट्याच्या डाव्या. पापणी लवेपर्यंत गेलाही. जयमालाच्या हातातली ताटली पडली. अरविंदला दिसलाच नाही. पण मेहरुन्निसाकडे व्हीसीआर होता. कुवेतच्या भावासाठी ती दर रविवारी 'वज्रद्वीप' टेप करून कॅसेट पाठवायची. तिचा नवरा कासिम, केबलचा धंदा करायचा, त्यानं कॅसेट पुढेमागे करून चित्र थांबवलं. आडवे पट्टे आले, मूठ कुठं धुरात गेलेली, पण हनुवटी श्यामचीच, कपाळ श्यामचंच. अरविंद टीव्हीच्या काचेवर हात ठेवून पोरासारखा रडला.

इथपर्यंत सगळं ठीक. पुढे जयमालानं जे केलं त्याला आता वेडेपणा म्हणा, नाहीतर आईपण म्हणा. दुसऱ्याच दिवशी अरविंद पेण-अलिबागला निघणार होता. तिकडचे दवाखाने बघायचे राहिले होते, कारण आपलं नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि अलिबाग रायगडात, इकडची खबर तिकडे लवकर पोचत नाही. जयमालानं त्याची पिशवी उचलून माळ्यावर टाकली.

"पोरगं टीव्हीत काम करतंय आणि तुम्ही त्याला मढ्यांत शोधणार? माझ्या घरातून आता कुणी चादरी उचलायला जायचं नाही."

ती स्वतः चौकीत जाऊन मुलगा सापडला म्हणून सांगून आली. अंधेरीला त्या सीरियलवाल्यांच्या ऑफिसातही दोघं गेली. दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही, पण एवढं सांगितलं, की फौजेतली पोरं ट्रकनं येतात, ट्रकनं जातात, नावं कोण विचारतो, आणि पुढचं शूटिंग आता राजस्थानात चाललंय. झालं. श्याम राजस्थानात आहे, हे जयमालानं ठरवून टाकलं. उन्हानं काळवंडला असेल म्हणायची. तिकडे रात्री थंडी फार, म्हणून स्वेटर विणायला घेतला. ती मेची कॅसेट कुवेतला गेलीच नाही, कारण दुपारची भांडी झाली की जयमाला मेहरुन्निसाकडे जाऊन ती बघत बसायची.

एक गोष्ट मात्र तिनं अरविंदला सांगितली नव्हती. श्रावणात मेहरुन्निसाच्या फोनवर अलिबागच्या सरकारी दवाखान्यातून कुणी सिस्टर बोलली. जुन्या पेपरातला फोटो बघून तिनं फोन केला होता. इथं एक मुलगा आहे, डोक्याला मार लागलेला, बोलत नाही, तुम्ही येऊन बघून जाता का? जायचं म्हणजे पुन्हा ते "नव्हता" ऐकायचं. आणि "होता" ऐकायला मिळालं तर मग टीव्हीतला धडधाकट श्याम कोण? तिच्यानं ते झेपलं नाही.

"आमचा मुलगा सापडला. टीव्हीत काम करतो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मेहरुन्निसा शेजारीच उभी होती. "वहिनी, एकदा जाऊन आले असते तुमी, तर काय बिघडलं असतं?"

"भाभी, हे यांच्या कानावर घालू नका."

मेहरुन्निसानं घातलं नाही.

तर अशी ती रविवारची सकाळ. मेहरुन्निसाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, दाराबाहेर चपलांचा ढीग. कासिमनं कुवेतसाठी नवी कॅसेट घालून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. जयमाला टीव्हीच्या अगदी पुढ्यात, मागे सोफ्याच्या काठावर अरविंद. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जसा काही मुलाच्या बक्षीस समारंभाला. शिऱ्याचं पातेलं मधोमध, अजून झाकलेलं. आधी श्याम दिसू दे, मग वाढते, असं ती म्हणाली होती.

राणी वाचली. एका गरुडानं तिला तळ्यावरून अलगद उचललं आणि खोलीत टाळ्या पडल्या. मग जादूगार किल्ल्याच्या बुरुजावर आला, त्यानं हात वर केला, आणि त्याची फौज मैदानात सुटली. जयमाला गुडघ्यांवर उठून बसली. आणि त्या फौजेत, पत्र्याचा टोप घातलेला, तोच. श्याम.

"दिसला," अरविंद म्हणाला. या वेळी आधी त्यालाच दिसला. "जया, दिसला गं, तो बघ."

"उजव्या हातात आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तलवार. उजव्या हातात धरलीय त्यानं."

"शिकला असेल," अरविंद म्हणाला. डोळे पुसत होता तो.

जयमालाला हसू आलं आणि रडूही आलं. ऐकलं माझं, ती म्हणाली, शेवटी ऐकलं पोरानं माझं. शेजारणी तिच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. त्या क्षणी तिच्याइतकं सुखी कुणी त्या नेरूळमध्ये नव्हतं. सगळ्या वर्षाचं तिचं दुखणं त्या एका उजव्या हातानं पुसून टाकलं होतं.

पण या वेळी ते चित्र मेमधल्यासारखं चटकन गेलं नाही. फौज धावत धावत अगदी जवळ आली. धूर बाजूला झाला. श्यामनं तलवार आणखी वर उचलली, आणि त्याच्या अंगठ्याला काहीतरी पिवळं गुंडाळलेलं दिसलं.

जयमालाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. टीव्हीवर राणी कुणाला तरी शाप देत होती.

"कासिमभाई," ती म्हणाली, "जरा मागे घ्या."

"वहिनी, रेकॉर्डिंग चालू हाय, तुटेल."

"तुटू दे," मेहरुन्निसा म्हणाली. तिनं जयमालाचा चेहरा बघितला होता.

कासिमनं कॅसेट मागे घेतली. श्याम पुन्हा धावत आला. "थांबवा." पट्टे पट्टे आले, पण पिवळी चिंधी स्पष्ट होती. गाठ कशी मारलीय तेही दिसत होतं, बाहेरच्या बाजूनं, दोन टोकं सोडलेली. ती गाठ तिची होती. तशी गाठ ती सगळ्यालाच मारते, पोत्यालाही आणि परकरालाही.

"ती मेची कॅसेट लावा आता," ती म्हणाली.

कासिमनं ती लावली. ती बघितली, परत नवी लावली, परत जुनी. खोलीतली माणसं चुळबुळ करायला लागली होती, त्यांची राणी मधेच अडकली होती. कासिम खाली बसला. त्याला कळलं होतं आणि ते तोंडातून काढणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"वहिनी, हे तेच शूटिंग हाय," तो म्हणाला. "चित्र उलटं करून लावलंय. मागच्या टायमाला डावीकडनं आले ते राणीचे होते, आता उजवीकडनं आनले आनि जादूगाराचे केले. शेवटचा तुकडा मागच्या वेळी कापला होता, तो आता लावलाय. परत फौज कोन जमवनार? असंच करतात हे लोक."

म्हणजे तो डावाच हात होता. डावाच हात, त्याला संक्रांतीची चिंधी, आणि चिंधी बांधल्यापासून पोरगं घरात होतं ते फक्त सत्यनारायणापर्यंत. जयमालाला एकदम त्या मधल्या दिवसांतली एक संध्याकाळ आठवली. श्याम कॉलेजातून आला तो पायांना खाडीचा चिखल, मिठानं पोटऱ्या पांढऱ्या झालेल्या, डोळ्यांच्या कडांना काजळ. फरशी आत्ता पुसलीय, म्हणून ती त्याच्या अंगावर ओरडली होती. तो सांगायला आला होता बहुतेक. आई, आज मी कुठं गेलो होतो ओळख, असं काहीतरी म्हणत होता. तिनं त्याला आधी पाय धू म्हणून मोरीत पिटाळलं होतं.

राजस्थान नव्हतं. काम नव्हतं. घर सोडण्याआधीचा एक दिवस होता तो, आणि त्या एका दिवसाच्या जिवावर तिनं सगळी शोधाशोध बंद पाडली होती.

"असू दे गं," अरविंद तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला. त्याला अजून पुरतं उमगलं नव्हतं. "निदान होता तरी तिथं. आपण परत अंधेरीला जाऊ."

"अहो," ती म्हणाली, "अलिबागहून फोन आला होता."

"कधी?"

"श्रावणात. दवाखान्यातून. एक मुलगा आहे म्हणाले, डोक्याला लागलेला, बोलत नाही. मी म्हटलं आमचा सापडला."

अरविंद तिच्याकडे बघत राहिला. तो ओरडला असता, एक मुस्काटात दिली असती, तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला आणि दाराबाहेर जाऊन त्या ढिगात आपल्या चपला शोधायला लागला. समोर असलेल्या चपला त्याला सापडेनात. शेवटी तो कुणाच्या तरी चपला घालून जिना उतरायला लागला. कासिमनं खुंटीवरची ओम्नीची किल्ली घेतली आणि त्याच्या मागे गेला. मेहरुन्निसानं ओढणी डोक्यावर घेतली, जयमालाला हाताला धरून उठवलं. शिऱ्याचं पातेलं तिथंच झाकलेलं राहिलं.

कामोठे मागे पडलं, पनवेल गेलं, पेण आलं. पुढच्या सीटवर अरविंद, त्यानं एकदाही मान वळवली नाही. जयमाला मागे बसून देवाला काही मागावं म्हणून हात जोडत होती आणि काय मागावं ते तिला कळत नव्हतं. तोच असू दे म्हणावं, तर आपला पोरगा एवढे महिने परक्या ठिकाणी मुका होऊन पडला होता. तो नसू दे म्हणावं, तर मग तो कुठंच नव्हता. वडखळ गेल्यावर तिनं मागितलं. कसाही असू दे, लुळा असू दे, मला ओळखेना का, पण असू दे. अशी भीक तिनं आयुष्यात मागितली नव्हती.

दवाखान्यात रविवारची शांतता. पुरुषांच्या वॉर्डात स्टुलावर एक वयस्क आया बसली होती, वेणूबाई नाव. अरविंदनं खिशातला फोटो काढून तिच्या हातात दिला. वेणूबाईनं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"केस असलेला हाय हा," ती म्हणाली. "आमच्याकडं होता त्याचं डोकं भादरलेलं. वडखळच्या पुढं रस्त्याला पडलेला सापडला, आधी पेनला होता, मंग हितं आनला. हा फोटो मीच दावला सिस्टरना. केळी आनलेली पेपरात बांधून, त्या पेपरात होता."

"मग?" अरविंद म्हणाला.

"मंग काय, सिस्टरनी फोन केला. कोन बाई होती, ती म्हनली आमचा पोरगा टीव्हीत हाय. आमी तरी काय करनार? बेवारस म्हनून लिवला."

"ती मीच," जयमाला म्हणाली.

वेणूबाई तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. नुसती बघत राहिली, आणि ते जयमालाला सहन होईना.

"कुठं आहे तो?" तिनं विचारलं.

"गनपती झाल्यावर रत्नागिरीला हलवला, मेंटलला. बोलत नव्हता ना. त्रास नव्हता त्याचा काय. फक्त जेवताना खोडी करायचा." वेणूबाईला ते आठवून थोडं हसू आलं. "आमी उजव्या हातात चमचा द्यायचो, तो डाव्या हातात घ्यायचा. परत उजव्यात द्यावा, परत डाव्यात. एकदा मी हातावर चापट मारली, तर ताट सारून बसला. दोन दिवस माझ्या हातनं काय घेतलं नाय."

अरविंद भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. जयमाला उभीच होती. मेहरुन्निसानं तिला धरलं होतं म्हणून ती उभी होती.

ड्युटीवरच्या सिस्टरनं वही न बघताच रत्नागिरीला फोन लावून दिला. पलीकडे कुणी माणूस होता, तो मधेच बघायला गेला, परत आला. हो, अलिबागहून आलेला मुलगा आहे. नाव नाही. आत्ता जेवणाची वेळ चाललीय, वॉर्डात बसलाय. आईवडील असाल तर ओळख पटवायला यावं लागेल. अरविंद सगळ्याला हो, हो म्हणत होता आणि कासिम दारातून खुणेनं सांगत होता की गाडीत पेट्रोल भरून घेतो, इथूनच निघू.

अरविंद फोन ठेवणार तोच जयमालानं पुढे होऊन त्याच्या हातातून तो घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो," ती म्हणाली. "मी त्याची आई बोलतेय. तो डाव्या हातानं जेवतो. त्याला कुणी मारू नका हो. आम्ही येईपर्यंत त्याला डाव्या हातानंच जेवू द्या."